महापालिकेच्या अंदाजपत्रकात सुरक्षेचा पैसा कसा शोधायचा? पिंपरी-चिंचवडमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी

फ्लॅटचा ताबा मिळतो, वास्तुशांत होते, आणि काही महिन्यांनी मिळकतकराचं पहिलं बिल येतं. बहुतेकजण खालची एकूण रक्कम बघतात, चरफडतात आणि सवलतीची मुदत चुकू नये म्हणून मोबाईलवरून भरून टाकतात. त्या बिलावर ओळीने छापलेले कर कुणी वाचत नाही. एकदा वाचा. सर्वसाधारण कर, वृक्ष कर, शिक्षण कर यांच्या रांगेत एक ओळ अग्निशमनाची असते. म्हणजे आग विझवणाऱ्या बंबासाठी तुम्ही वेगळे पैसे मोजताय. ते पुढे जातात कुठे, हे बघायची सोय महापालिकेच्या अंदाजपत्रकात आहे. फक्त ते जाडजूड बाड कुठून उघडायचं हे कुणी सांगत नाही.

वाकड, पुनावळे, रावेत, मोशी, चऱ्होली या पट्ट्यात नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितोय. उदाहरणं पिंपरी-चिंचवडची असली, तरी कल्याण-डोंबिवली, वसई-विरार किंवा पनवेलच्या वाचकालाही पुष्कळसं लागू पडेल, कारण या सगळ्यांचा कायदा एकच आहे: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९.

आधी हद्द बघा

हसू नका, इथेच निम्मे लोक चुकतात. हिंजवडीत राहणारा माणूस पत्ता सांगताना पिंपरी-चिंचवड म्हणतो, पोलीस ठाणंही पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचंच असतं, पण हिंजवडी महापालिकेत नाही. तिथे ग्रामपंचायत आहे, आयटी पार्क एमआयडीसीचं आहे आणि आजूबाजूचं नियोजन पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) बघतं. आळंदी, चाकण आणि तळेगाव दाभाडे या वेगळ्या नगरपरिषदा आहेत, देहूला नगरपंचायत आहे, देहूरोडला कॅन्टोन्मेंट बोर्ड. पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं तेव्हा पुणे शहर आणि पुणे ग्रामीण या दोन्हींतून पोलीस ठाणी काढून घेतली गेली, त्यामुळे त्याची हद्द महापालिकेच्या हद्दीबाहेर बरीच लांब जाते.

खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे मिळकतकराच्या बिलावर नाव कुणाचं आहे ते पाहणं. महापालिकेचं असेल तर पुढे वाचा. ग्रामपंचायतीचं असेल तर तुमचं अंदाजपत्रक वेगळं, आणि ते विचारायची जागा ग्रामसभा. महापालिकेत असाल तर तुमचं क्षेत्रीय कार्यालय कोणतं तेही याच वेळी टिपून ठेवा. अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह अशी आठ आहेत. पुढे प्रत्येक अर्जावर ते अक्षर लागतं.

पोलीस या पुस्तकात सापडणार नाहीत

सोसायटीच्या सभेत हमखास ऐकू येणारं वाक्य: "एवढा टॅक्स भरतो, मग रात्रीची पोलीस गस्त का नाही?" गस्त हवीच, पण मिळकतकरातून पोलिसांचे पगार होत नाहीत. पोलीस राज्याच्या गृह खात्याचे. पगार, गाड्या, पोलीस ठाण्यांच्या इमारती हे सगळं राज्याच्या अर्थसंकल्पातून येतं, आणि काही खरेदी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होते. १०८ ची रुग्णवाहिकाही राज्याच्या आरोग्य खात्याची योजना आहे, महापालिकेची नाही.

महापालिकेकडे येते ती अग्निशमन सेवा. अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत, त्यांत आग विझवणं आणि आगीच्या वेळी जीवित-वित्ताचं रक्षण करणं येतं. बाग फुलवणं किंवा नाट्यगृह बांधणं यांसारखं हे मर्जीवर नाही, करावंच लागतं.

अमेरिकेत राहून परत आलेल्या मित्रांशी बोलताना हा फरक नेहमी आडवा येतो. तिथल्या उपनगरी शहरात पोलीस आणि अग्निशमन दोन्ही नगरपालिकेच्या बजेटमध्ये असतात आणि बहुतेक वेळा सर्वांत मोठा घास तेच घेतात. ती मोजपट्टी इथे लावली की आपली महापालिका सुरक्षेवर काहीच खर्च करत नाही असं वाटतं. तुलना करायचीच असेल तर नवी मुंबईशी किंवा ठाण्याशी करा.

दोन आकडे का असतात

अंदाजपत्रक महापालिकेच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतं. लेखा विभागाच्या पानावर शोधा. आयुक्तांचं भाषण वेगळं असतं आणि प्रत्यक्ष अंदाजपत्रक वेगळं. भाषण वाचायला बरं, पण आकडे पुस्तकातच बघा.

अंदाजपत्रक मांडलं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन आकडे दिसतील. २०२५-२६ चं मूळ अंदाजपत्रक ६,२५६ कोटींचं, आणि केंद्र व राज्य पुरस्कृत योजना धरून ९,६७५ कोटींचं. आदल्या वर्षी हेच आकडे ५,८४१ आणि ८,६७६ कोटी होते. कट्ट्यावर एक जण पहिला आकडा सांगतो, दुसरा दुसरा, आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात. दोघंही बरोबर असतात. मधला यंदाचा सुमारे तीन हजार चारशे कोटींचा फरक म्हणजे वरच्या सरकारांच्या योजनांचा पैसा. तो ज्या कामासाठी आला त्याच कामाला लागतो. त्यातून वाकडला अग्निशमन केंद्र उभारता येत नाही. म्हणून आपल्या कामाचा आकडा पहिला.

हा पहिला आकडा कुठून भरतो, हेही थोडक्यात कळलं पाहिजे. कारखान्यांच्या जोरावर ही महापालिका एकेकाळी जकातीत, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या करात, श्रीमंत होती. एप्रिल २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटीच्या बदल्यात राज्य सरकारकडून दर महिन्याला भरपाई येते. ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवायची असं राज्याच्या कायद्यात आहे. बाकी मिळकतकर, बांधकाम परवानगीचं शुल्क, पाणीपट्टी, ठेवींवरचं व्याज. यात एक मेख आहे. भरपाई ठरलेल्या दराने वाढते, माणसं मात्र त्या दराने येत नाहीत. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती, २००१ मध्ये दहा लाखांच्या आसपास. दहा वर्षांत सत्तर टक्के वाढ! त्यानंतरचा मोजलेला आकडा अजून हातात नाही, त्यामुळे "दरडोई खर्च" असं कुणी सांगितलं की आधी विचारा, डोई कोणत्या सालची?

रकाने: इथे घाई नको

संपूर्ण लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. तरतूद म्हणजे खर्च नव्हे.

कोणतंही पान उघडा. डावीकडे लेखाशीर्ष असतं, म्हणजे कामाचं नाव. पुढे साधारण असे रकाने असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचं मूळ अंदाजपत्रक, चालू वर्षात ठरावीक महिन्यापर्यंत झालेला खर्च, चालू वर्षाचं सुधारित अंदाजपत्रक आणि पुढच्या वर्षाचं मूळ अंदाजपत्रक. क्रम कधी बदलतो. रकमा रुपयांत आहेत की लाखांत, हे पानाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. ते न बघता मी एकदा एका रकमेला लाखपट फुगवून मित्रांच्या ग्रुपवर टाकलं होतं. दोन दिवस तोंड लपवत फिरलो.

बातमी नेहमी शेवटच्या रकान्याची होते, "अग्निशमनासाठी भरघोस तरतूद". तुम्ही पहिल्या रकान्यापासून सुरुवात करा. समजा, "अग्निशमन वाहने खरेदी" या शीर्षाखाली मागच्या वर्षी प्रत्यक्ष खर्च शून्य आहे. चालू वर्षी मूळ तरतूद २० कोटी, डिसेंबरपर्यंतचा खर्च १० लाख, सुधारित ४ कोटी, आणि पुढच्या वर्षी २५ कोटी. (हे आकडे समजावण्यापुरते आहेत.) बातमीत २५ कोटी येतील. पण ओळ सांगते काय? गाडी अजून आलेली नाही. निविदा अडकली असेल, तांत्रिक मान्यता राहिली असेल, किंवा कुणाला घाई नसेल. तेच २० कोटी यंदा घडले नाहीत म्हणून पुढच्या वर्षी थोडे फुगून परत आले.

उलटंही असतं. सुधारित रक्कम मूळ रकमेपेक्षा वाढली असेल तर काम खरंच चालू आहे, बिलं येताहेत. अशा ओळी शोधायला मला आवडतं, कारण त्या सहसा बातमीत नसतात.

आणखी दोन शब्द ओळखीचे करून घ्या. पहिला, टोकन तरतूद. एखाद्या शीर्षापुढे हजार-पाच हजार किंवा लाखभर रुपये दिसले तर तो छापखान्याचा घोळ नव्हे. काम यादीत जिवंत ठेवायचंय, पैसे आत्ता द्यायचे नाहीत, असा त्याचा अर्थ. "आमच्या भागातलं अग्निशमन केंद्र बजेटमध्ये आलं" म्हणून पेढे वाटण्याआधी रक्कम बघा. दुसरा शब्द वर्गीकरण. वर्ष चालू असताना एका शीर्षाचा पैसा दुसऱ्याकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. कायद्यात याची सोय आहे, आणि कधी ती गरजेचीही असते. पण आपला पैसा कुठे गेला हे कळायला हे प्रस्ताव बघावे लागतात, कारण ते पुस्तकात नसतात. ते सभेच्या विषयपत्रिकेत आणि ठरावात असतात.

महसुली आणि भांडवली हा भेद माहीत असेलच. बंब विकत घेणं भांडवली. बंबावरच्या माणसाचा पगार, डिझेल, दुरुस्ती महसुली. सुरक्षेच्या बाबतीत मी महसुली बाजू आधी बघतो. नवा बंब फीत कापून येतो, फोटो निघतो. तो तीन पाळ्यांत चालवायला माणसं आहेत का, हे आस्थापना खर्चाच्या, म्हणजे पगार-भत्त्यांच्या, ओळीत दिसतं.

अग्निशमन विभागाचं पान

आता मूळ मुद्द्याकडे. या विभागाचं मुख्य केंद्र पिंपरीत संत तुकारामनगरला आहे आणि उपकेंद्रं शहरभर. शहराचं क्षेत्रफळ १८१ चौरस किलोमीटर. केंद्रीय गृह खात्याच्या अग्निशमन सल्लागार समितीचा जुना मापदंड शहरी भागात साधारण १० चौरस किलोमीटरला एक केंद्र असा आहे. म्हणजे कागदावर अठरा केंद्रं. प्रत्यक्षात किती चालू आहेत ते विभागाच्या पानावरून मोजा आणि मग तुमच्या घराशी सर्वांत जवळचं कोणतं ते नकाशावर बघा. अंतर बघू नका, संध्याकाळी सात वाजता लागणारा वेळ बघा. भुजबळ चौकातून किंवा ताथवड्याच्या भुयारी मार्गाखालून त्या वेळी जाणाऱ्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

शहर वाढलं कसं, हे ठाऊक असेल तर केंद्रं अशी का विखुरली आहेत तेही कळतं. नगरपालिका १९७० ची, महापालिका १९८२ ची. तेव्हा शहर म्हणजे मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही बाजू आणि भोसरीची एमआयडीसी. १९९७ मध्ये अठरा गावं आत आली, २००९ मध्ये ताथवडे. ज्या गावांत तेव्हा ऊस आणि ज्वारी होती तिथे आज वीस-पंचवीस मजली इमारती आहेत, आणि त्यांच्याच पलीकडे पत्र्याच्या शेडमधली वर्कशॉपं आणि भंगाराची गोदामं. आग लागली की दोन्हीकडे वेगवेगळी साधनं लागतात. इमारतीला उंच शिडी, गोदामाला पाण्याचे टँकर आणि फोम. खरेदीच्या ओळी वाचताना हे दोन्ही डोक्यात ठेवा.

२०२३ हे वर्ष या शहराला जड गेलं. ३० ऑगस्टला पहाटे चिखलीतल्या पूर्णानगरमध्ये हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली आणि दुकानातच राहणारं चौघांचं कुटुंब गेलं. ८ डिसेंबरला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाज्या बनवणाऱ्या बेकायदा कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. त्या दिवशी सहा महिला दगावल्या, पुढे उपचार घेताना मृतांचा आकडा वाढला. दोन्ही ठिकाणी बंब कमी पडला असं म्हणून भागणार नाही. दुकानात माणसं झोपत होती, कारखान्याला परवानगी नव्हती. म्हणजे तपासणी आधी व्हायला हवी होती. म्हणून अग्निशमनाच्या पानावर गाड्या आणि शिड्या पाहून झाल्या की तपासणी, सर्वेक्षण, प्रशिक्षण अशा ओळी आहेत का ते शोधा. त्यांच्या रकमा लहान असतात, त्यांना कुणी फीत कापत नाही, आणि माझ्या मते सर्वांत स्वस्तात जीव वाचवणारा खर्च तोच.

माणसांबद्दल एक गोष्ट नव्या लोकांना माहीत नसते. महापालिकेला वाटलं म्हणून पन्नास फायरमन घेता येत नाहीत. पदांचा आकृतिबंध, म्हणजे कोणती पदं किती हा तक्ता, राज्याच्या नगरविकास खात्याकडून मंजूर व्हावा लागतो. शिवाय आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचा दंडक आहे, तो ओलांडला की भरती अडते. २०२४ मध्ये अग्निशामक विमोचक (फायरमन) पदाच्या १५० जागांची जाहिरात निघाली होती. अशा भरतीचा परिणाम पुढच्या एक-दोन वर्षांच्या पगाराच्या ओळीत दिसायला हवा. तिथे उडी दिसली नाही तर विचारायला जागा आहे.

बाकीची सुरक्षा कुठे लपलेली असते

"सार्वजनिक सुरक्षा" नावाचं पान शोधलंत तर सापडणार नाही. ती विभागाविभागांत सांडलेली आहे.

पदपथावरचे दिवे आणि सिग्नल विद्युत विभागाकडे. अंधारी गल्ली हा पोलिसांचा प्रश्न वाटतो, पण त्याची ओळ इथे आहे. पावसाळ्यात झाड पडलं की फोन अग्निशमनाला जातो, फांद्या वेळेवर छाटायचं काम मात्र उद्यान विभागाचं. भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण पशुवैद्यकीय विभागात. खड्डे, दुभाजक, गतिरोधक स्थापत्यमध्ये. पवनेला किंवा मुळेला पाणी चढलं की जुनी सांगवी आणि पिंपरीतल्या संजय गांधीनगरच्या लोकांना हलवायचं काम आपत्ती व्यवस्थापनाचं, पण पाणी तुंबू नये म्हणून मे महिन्यात होणाऱ्या नालेसफाईचं शीर्ष आरोग्य विभागाकडे.

आणि एक विभाग ज्याचं नाव ऐकून नवखा माणूस गोंधळतो: आकाशचिन्ह व परवाना. ज्योतिषाशी संबंध नाही. होर्डिंगला सरकारी मराठीत आकाशचिन्ह म्हणतात. १७ एप्रिल २०२३ ला किवळ्यात अवकाळी पाऊस आणि वाऱ्यात होर्डिंग कोसळलं आणि आडोशाला थांबलेले पाच जण गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात घाटकोपरला तेच झालं, कितीतरी मोठ्या प्रमाणावर. या विभागाची जमा बाजूही बघा आणि खर्च बाजूही. परवाना शुल्कातून किती येतं आणि सांगाड्यांची तपासणी, बेकायदा होर्डिंग काढणं यावर किती जातं, या दोन आकड्यांतलं अंतर बोलकं असतं.

अतिक्रमण विभागालाही सुरक्षेच्या वहीत धरावं की नाही, यावर मतभेद आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये कुदळवाडीतल्या भंगाराच्या गोदामांना मोठी आग लागली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे सरसकट पाडकाम झालं. कुणी त्याला सुरक्षेची कारवाई म्हटलं, कुणी हजारोंच्या पोटावर पाय. पोकलेन, मनुष्यबळ, बंदोबस्त यांना पैसा लागतो आणि तो अंदाजपत्रकात असतो. मला वाटतं ती जागा मोकळी झाल्यावर तिथे काय होणार, याच्या ओळीही तितक्याच बारकाईने वाचायला हव्यात.

कॅमेऱ्यांचं गणित

चौकाचौकांतले सीसीटीव्ही पोलीस वापरतात, पण त्यातले बरेच महापालिकेच्या पैशाने किंवा स्मार्ट सिटीतून लागलेत. पिंपरी-चिंचवड २०१७ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत आलं, आणि केंद्राची ती योजना ३१ मार्च २०२५ ला संपली. योजना संपते, कॅमेरा राहतो. त्याचं वीजबिल, इंटरनेट, साठवणूक, बिघडलेला बदलणं हे दरवर्षी येत राहणार. त्यामुळे इथून पुढे "नवीन कॅमेरे बसवणे" या ओळीपेक्षा "देखभाल-दुरुस्ती" ही ओळ महत्त्वाची. चोरी झाल्यावर पोलीस फुटेज मागतात आणि कॅमेरा बंद निघतो, तेव्हा त्याचं मूळ बहुतेकदा याच ओळीत असतं.

कधी काय होतं

आयुक्त फेब्रुवारीच्या आसपास अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात. समिती सोळा जणांची. ती उपसूचना देऊन रकमा इकडच्या तिकडे करते आणि मग सर्वसाधारण सभेपुढे पाठवते. कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे आणि अंदाजपत्रक ३१ मार्चच्या आत मंजूर करायचं, असं अधिनियम सांगतो. १३ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतरची काही वर्षं आयुक्त हेच प्रशासक होते. म्हणजे मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. त्या वर्षांच्या अंदाजपत्रकांत उपसूचना नाहीत, वादही नाहीत. वाचायला सोपी गेली, पण आपल्या प्रभागाचं कोण बोललं हे शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही.

सामान्य माणसासाठी कामाचा काळ याच्या कितीतरी आधी येतो. पुढच्या वर्षासाठी नागरिकांकडून सूचना मागवण्याचं आवाहन पावसाळा सरता सरता किंवा त्यानंतर निघतं. मुदत थोडी असते. फेब्रुवारीत जागे झालात तर गाडी स्टेशन सोडून गेलेली असते.

सूचना लिहिताना

"आमच्या भागात सुरक्षा वाढवा" असं लिहिलंत तर तो कागद कुणाच्याच टेबलावर थांबत नाही, कारण कोणत्याच विभागाचं ते काम नाही. असं लिहा: "ड क्षेत्रीय कार्यालय, अमुक शाळेपासून तमुक चौकापर्यंत पदपथ, सुमारे ३०० मीटर, सात खांबांवर दिवे नाहीत. विभाग: विद्युत." जागा, लांबी, संख्या, विभाग. सोबत रात्रीचा फोटो. काम जितकं लहान तितकं लवकर होतं. नवं अग्निशमन केंद्र ही मागणीही करावी, पण ती एकट्याने करून उपयोग नाही. त्यासाठी विकास आराखड्यात आरक्षित भूखंड लागतो. तुमच्या भागात तसं आरक्षण आहे का ते आधी नगररचना विभागात बघा आणि त्या भूखंडाच्या क्रमांकासकट दहा-बारा सोसायट्यांच्या सह्यांनी मागणी द्या. भूखंडच ताब्यात नसेल तर तरतूद टोकनच राहणार, हे आता तुम्हाला कळेल.

रोजच्या तक्रारीसाठी सारथी हेल्पलाईन आहे, ८८८८००६६६६. दिवा बंद, झाड कललंय, चेंबरचं झाकण नाही, हे तिथे. क्षेत्रीय कार्यालयांत जनसंवाद सभा होतात, तिथे अधिकारी समोर बसलेले असतात. तारीख आधी बघून जा. आग लागली तर मात्र १०१, पोलिसांना ११२.

तुमच्या सोसायटीचा वाटा

हे महापालिकेच्या पुस्तकात नाही, तरी इथेच सांगतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची किंवा सोसायटीची जबाबदारी आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन दरवर्षी जानेवारी आणि जुलै असं दोनदा प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्याला सगळे "फॉर्म बी" म्हणतात. आमच्या सोसायटीच्या सभेत मी पहिल्यांदा हा शब्द काढला तेव्हा अध्यक्षांनी सेक्रेटरीकडे बघितलं, सेक्रेटरींनी बिल्डरच्या माणसाकडे, आणि बिल्डरचा माणूस चहा आणायला गेला. नंतर कळलं, पंपाच्या खोलीची किल्लीच कुणाकडे नव्हती. पंचविसाव्या मजल्यावरच्या आगीला खालून बंब कितीही आला तरी आधी इमारतीचा स्वतःचा पंप चालावा लागतो. तो सोसायटीच्या देखभाल खर्चातून चालतो, महापालिकेच्या नाही.

उत्तर मिळत नसेल तर

माहितीचा अधिकार. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत दोन अटी आहेत ज्या नवखे विसरतात: एका अर्जात एकच विषय, आणि तो १५० शब्दांत. राज्याच्या ऑनलाईन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. "अग्निशमनावर किती खर्च केला?" असं मोघम विचारू नका, पुस्तकातलीच संख्या तुम्हाला परत मिळेल. लेखाशीर्षाचं नाव जसंच्या तसं उतरवा आणि असं विचारा:

"अग्निशमन विभागाच्या 'अमुक' या लेखाशीर्षाखाली गेल्या तीन आर्थिक वर्षांतील मूळ तरतूद, सुधारित तरतूद आणि ३१ मार्चअखेर प्रत्यक्ष खर्च वर्षनिहाय द्यावा. या शीर्षातून अन्य शीर्षाकडे वर्गीकरण झाले असल्यास संबंधित ठरावांच्या प्रती द्याव्यात."

उत्तर आलं की आधी वर्गीकरणाच्या ठरावाची तारीख बघा. ती फेब्रुवारी-मार्चमधली असेल तर पैसा कोणत्या शीर्षाकडे गेला ते नाव टिपून ठेवा, आणि पुढच्या अर्जात त्या शीर्षाबद्दल हेच तीन आकडे मागवा.